हाताला मुंग्या येतात म्हणून मान मोडून घ्यायची का?

ती रील तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असेल. एक बाई टेबलावर बसलेली असते. मागे उभा असलेला दणकट माणूस तिची हनुवटी धरून मान एका बाजूला वळवतो, माइकमध्ये कडाड आवाज येतो, बाई दचकते आणि मग हसते. खाली ओळ असते की हाताच्या मुंग्या कायमच्या बंद. दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी विचारतं, "मलाही रात्री हाताला मुंग्या येतात, जाऊ का गं याच्याकडे?"

प्रश्न रास्त आहे. रात्री अडीच-तीनला हात लाकडासारखा होऊन जाग येते, तो झटकत पलंगाच्या कडेला बसून राहावं लागतं, सकाळी ब्लाउजचं हूक लागत नाही, चहाचा कप हातातून निसटतो. अशा माणसाला ऑपरेशनचं नाव काढलं की धडकी भरते आणि 'गोळी नाही, सुई नाही, चाकू नाही' म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. अशा हातांनी सांधे हलवण्याच्या उपचाराचे, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचे, फलक पुण्या-मुंबईत आता बरेच दिसतात. अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांना तर कायरोप्रॅक्टर नवा नाहीच. तेव्हा कार्पल टनेल सिंड्रोममध्ये, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या दुखण्यात, त्याच्याकडून काय मिळू शकतं, काय मिळणार नाही आणि जायचंच असेल तर कसं जायचं, ते जरा नीट पाहू.

आधी करंगळी तपासा

तळहात जिथे मनगटाला मिळतो तिथे आत एक अरुंद बोगदा आहे. त्याच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर एक जाड आडवा अस्थिबंध. यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत दहावी मीडियन नस. हाडं हटत नाहीत, अस्थिबंध फारसा ताणत नाही. कंडरांवरचं आवरण सुजलं की दाब सगळा नसेवर येतो. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की हा दाब आणखी वाढतो. झोपेत आपण हात गालाखाली किंवा उशीखाली दुमडून घेतो, म्हणून हे दुखणं रात्री जास्त छळतं.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना सांभाळते. करंगळीची नस वेगळी आहे आणि ती या बोगद्यातून जात नाही. म्हणून पुढच्या वेळी मुंग्या आल्या की दिवा लावून एकेक बोट चाचपून बघा. करंगळी ठणठणीत आणि बाकीची बधिर असतील तर संशय मनगटावर. मुंग्या फक्त करंगळीत आणि अनामिकेत असतील तर नस कोपरात दबत असण्याची शक्यता जास्त. मान वळवली की कळ खांद्यापासून दंडातून खाली उतरत असेल तर मान तपासायला हवी. आणि दोन्ही हातांबरोबर दोन्ही तळपायांनाही मुंग्या असतील तर मनगट धरून बसू नका, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावायच्या, बोटं जमिनीकडे, कोपरं बाजूला, म्हणजे उलटा नमस्कार. असं एक मिनिट थांबायचं. त्या मिनिटात ठरावीक बोटांत मुंग्या सुरू झाल्या तर मनगटात नस दबत असावी असं मानायला जागा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे हाताचे सर्जन जॉर्ज फॅलन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हे दुखणं डॉक्टरांच्या ध्यानात आणून दिलं, त्यांच्याच नावाने ही चाचणी ओळखली जाते. ती काही शंभर टक्के खात्रीची नाही. डॉक्टरला गरज वाटली तर तो एनसीव्ही करायला सांगतो. त्यात नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. थोडे झटके बसतात, पण नस मनगटातच अडतेय की आणखी कुठे, आणि किती, ते कागदावर येतं.

कुणाकडेही जाण्याआधी आणखी एक काम उरकून टाका. थायरॉइड आणि साखरेची रक्ततपासणी. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, आमवात, वाढलेलं वजन, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, वर्षानुवर्षांचं डायलिसिस, या सगळ्यांत ही नस दबते. बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साठल्यामुळे ते सुरू होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप उतरतं. अशा बाईला रात्रीचा पट्टा आणि धीर, एवढं सहसा पुरतं. मुद्दा असा की थायरॉइड कमी असताना मनगटाची हाडं कितीही हलवली तरी मूळ कारण जागच्या जागीच राहतं, आणि ते शोधायला लागते फक्त एक रक्ततपासणी.

कायरोप्रॅक्टर नेमकं काय करतो

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये झाला. डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थांनी आपल्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू यायला लागलं, अशी त्या पंथाची जन्मकथा आहे. मणका जागचा हलला की नसांचं काम बिघडतं आणि त्यातून सगळे आजार होतात, हा पामरांचा सिद्धान्त. कानाची नस पाठीच्या त्या मणक्यांतून जातच नाही, तेव्हा या कथेकडे कथा म्हणूनच पाहिलेलं बरं. आजचे बरेच कायरोप्रॅक्टरही पामरांचं सगळं अक्षरशः मानत नाहीत. पाठ, मान, सांधे यांच्या दुखण्यावर हातांनी उपचार करणारे, एवढीच त्यांची स्वतःबद्दलची भूमिका असते. दोन्ही प्रकारचे भेटतात. आपल्यासमोर कोणता बसलाय हे ओळखणं पेशंटच्या हातात असतं.

कार्पल टनेलसाठी नीट काम करणारा कायरोप्रॅक्टर आधी प्रश्न विचारतो, मग मानेपासून बोटांपर्यंत हालचाली, ताकद आणि संवेदना तपासतो. त्यानंतर मनगटाची आठ छोटी हाडं एकेक करून हळूहळू सरकवतो, कोपरापासून मनगटापर्यंतचे आखडलेले स्नायू अंगठ्याने दाबत सोडवतो, तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ताण देतो. कुणी अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवतं, कुणी टेप लावतं. नस आणि कंडरा सरकत्या ठेवायचे व्यायाम शिकवतो, कामाच्या टेबलाची उंची विचारतो. हे वाचताना तुम्हाला फिजिओथेरपिस्ट आठवला असेल तर बरोबरच आहे. मनगटाच्या बाबतीत दोघांच्या कामात फार अंतर नाही.

आता त्या कडाड आवाजाबद्दल. त्या आवाजाचा अर्थ हाड जागेवर बसलं असा नसतो. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटं मोडताना एमआरआयवर हे टिपलं, आणि मोडून घेतलेली बोटं संशोधकांच्या चमूतल्याच एका कायरोप्रॅक्टरची होती. आवाजानंतर थोडा वेळ सांधा मोकळा वाटतो, बरंही वाटतं. पण बोगद्यातल्या नसेवरचा दाब त्याने उतरला याचा तो पुरावा नाही. आवाज आला नाही म्हणून सिटिंग वाया गेली असंही नाही.

सोळा सिटिंग्ज आणि एक पट्टा

या विषयावरचा कायरोप्रॅक्टर मंडळींना प्रिय असलेला अभ्यास १९९८ सालचा, अमेरिकेतला. ९१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणि रात्री मनगटाला पट्टा. दुसऱ्याला हात आणि मणक्यावर कायरोप्रॅक्टिक उपचार, मनगटावर अल्ट्रासाउंड आणि रात्री पट्टा. कायरोप्रॅक्टिकच्या सिटिंग्ज नऊ आठवड्यांत सोळा. शेवटी दोन्ही गट सुधारले आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

जाहिरातीत याचं वाक्य होतं: 'कायरोप्रॅक्टिक औषधांइतकंच गुणकारी'. वाक्य खोटं नाही, पण आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात. एक म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा या दुखण्यात मुळातच फारसा उपयोग होत नाही, तेव्हा त्यांच्याइतकं ठरणं ही मोठी कमाई नव्हे. दुसरं, पट्टा दोन्ही गटांच्या हातात होता. काहीच उपचार न घेतलेला गट अभ्यासात नव्हता. मग गुण सोळा सिटिंग्जचा, गोळ्यांचा, की वैद्यकीय दुकानात मिळणाऱ्या पट्ट्याचा, हे त्या अभ्यासातून सांगता येत नाही. माझा कल पट्ट्याकडे आहे.

हातांनी केलेल्या उपचारांच्या बाजूने जास्त वजनदार काम स्पेनमध्ये झालं, पण ते फिजिओथेरपिस्टचं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२० बायका होत्या. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास, अशा तीन सिटिंग्ज दिल्या. नसेच्या वाटेवरचे स्नायू सोडवणं, मान अलगद आडवी सरकवणं, नस आणि कंडरांचे व्यायाम, असा तो उपचार होता. तीन महिन्यांनी हातांनी उपचार केलेल्या बायकांचं दुखणं जास्त कमी होतं. सहा महिने आणि वर्षानंतर दोन्ही गट सारखे. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सिटिंग्ज तीन होत्या, तीस नव्हत्या. आणि मानेला झटका दिलेला नव्हता. व्यायाम आणि सांधे हलवण्याच्या उपचारांचा २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला तेव्हा मात्र पुरावा तुटपुंजा आणि कमी दर्जाचा आहे, असाच निष्कर्ष निघाला होता.

याच्या शेजारी ऑपरेशनचं चित्र ठेवून बघा. नेदरलँड्समधल्या १७६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, दीड वर्षानंतर ऑपरेशन केलेल्यांपैकी ९० टक्के आणि पट्टा वापरलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांना चांगला गुण आला होता. पट्ट्याच्या गटातल्या बऱ्याच जणांनी मधल्या काळात शेवटी ऑपरेशनच करून घेतलं, हेही खरं. म्हणजे ऑपरेशन सरस आहे. पण सौम्य दुखण्यात थेट त्याच्याकडे धावायची गरज नाही.

आता थोडं घरच्या मैदानावर. १९९८ मध्येच 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ४२ जणांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. एका गटाला आठवड्यातून दोनदा, असं आठ आठवडे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीने शरीराचा वरचा भाग मोकळा आणि सरळ करणारी अकरा आसनं शिकवली, शेवटी शवासन. दुसऱ्या गटाला पट्टा दिला. योगाच्या गटाची पकड सुधारली आणि दुखणं कमी झालं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण कायरोप्रॅक्टरच्या पुराव्याच्या तुलनेत तो कमी पडतो असंही नाही. मात्र कार्पल टनेल असताना सूर्यनमस्कारातली मनगटावर भार टाकणारी आसनं काही दिवस बंद ठेवा. तळवे टेकून शरीर तोलताना मनगट मागे वाकतं आणि मुंग्या वाढतात.

मनगटापर्यंत ठीक, मानेला नको

बरेच कायरोप्रॅक्टर कार्पल टनेलसाठी मान का मोडतात? त्यांच्याकडे उत्तर आहे. एकाच नसेवर मानेत थोडा आणि मनगटात थोडा असा दोन ठिकाणी दाब असेल तर त्रास वाढतो, ही कल्पना १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली गेली. कल्पना आजही चर्चेत आहे, काही रुग्णांत मान आणि मनगट दोन्ही बिघडलेली सापडतातही. पण त्यावरून मानेला झटका दिला की मनगटातली नस सुटते, हे सिद्ध होत नाही.

आणि मानेच्या झटक्यात धोका आहे. मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अशा घटना क्वचित घडतात, आणि झटक्यामुळेच चीर पडली की मान आधीच दुखत होती म्हणून माणूस तिथे गेला होता, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं की मानेला झटका देण्याआधी पेशंटला या धोक्याची कल्पना द्यायलाच हवी. आपल्याकडे ती किती ठिकाणी देतात? माझं मत सरळ आहे. दुखणं मनगटात असेल तर मनगट, कोपर, हात यांवर उपचार घ्या. मान अलगद हलवायला हरकत नाही, झटका घेऊ नका. टेबलावर बसतानाच स्पष्ट सांगा, "मानेला झटका द्यायचा नाही." आवाज खाली न आणता सांगा. ज्याला हे वाक्य ऐकून राग येतो त्याच्या हातात मान द्यायची तर गोष्टच सोडा.

मनगटाच्या उपचारापासूनही काही मंडळी दूर राहिलेलीच बरी. आमवाताने सांधे सुजलेले, हाडं ठिसूळ झालेले, मनगट नुकतंच मोडलेले, मनगट लाल-गरम झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले. अशा हाताला जोर लावण्याआधी डॉक्टरची परवानगी हवीच.

फलकावरची पदवी

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी कॉलेजच्या काही वर्षांनंतर साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसेल तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा आहे, आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर बघता येते. ऑस्ट्रेलियातही राष्ट्रीय नोंदणी आहे. तेव्हा न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नमधल्या वाचकांना पहिली पायरी सोपी: नाव शोधा, नोंदणी बघा. अमेरिकेत आईवडील मेडिकेअरवर असतील तर एक लक्षात ठेवा. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरच्या मणक्यावरच्या उपचाराचेच पैसे देते, मनगटाचे नाही.

आपल्याकडे डॉक्टरांसाठी असते तशी कायरोप्रॅक्टरची वेगळी वैधानिक परिषद नाही. फलकावर तोच शब्द लिहिणारे परदेशातून पूर्ण पदवी घेऊन आलेले असू शकतात, फिजिओथेरपीनंतर थोड्या दिवसांचा कोर्स केलेले असू शकतात, आणि नुसते व्हिडिओ बघून शिकलेलेही. म्हणून विचारायला लाजू नका: शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं, नोंदणी कुणाकडे? समोरचा फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. हातांचं काम नीट शिकलेला आणि नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट मिळत असेल तर कार्पल टनेलसाठी मी आधी त्याच्याकडे जायला सांगेन.

तपासणीच्या आधी पैशांचं बोलणं सुरू झालं तर उठून या. करंगळी न तपासता, अंगठ्याची ताकद न बघता, एनसीव्हीचा कागद न चाळता चोवीस सिटिंग्जचं पॅकेज काढणारा माणूस जिमच्या वार्षिक फीसारखा धंदा करतोय. नीट काम करणारा म्हणतो, "चार-सहा वेळा बघू, फरक पडला नाही तर सर्जनला दाखवा." आणि दर दोन-तीन सिटिंग्जनंतर आठवड्यात किती रात्री जाग आली, ते विचारतो. तो हिशेब तुम्हीच ठेवलेला बरा. कॅलेंडरवर, जाग आलेल्या रात्रीला फुली. फुल्या कमी झाल्या नाहीत तर 'आज बरं वाटतंय'ला काही अर्थ नाही.

पट्टा बांधायचा तो असा

कायरोप्रॅक्टरकडे जा किंवा जाऊ नका, रात्रीचा पट्टा मात्र आजपासून. वैद्यकीय दुकानात 'कॉक-अप स्प्लिंट' म्हणून मिळतो. गंमत म्हणजे तो बहुतेकदा चुकीच्या कोनात येतो. तळहाताच्या बाजूला एका खिशात पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि ती मनगट मागे उचललेलं राहील अशी वाकवलेली असते. आपल्याला मनगट सरळ हवंय, ना पुढे, ना मागे. पट्टी खिशातून ओढून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, पुन्हा घाला. पट्टा लावून हात टेबलावर ठेवला की हाताची पाठ आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत दिसायला हवेत. बोटांची मूठ वळता आली पाहिजे. वेल्क्रो इतकंच घट्ट करा की खाली एक बोट सरकेल. पट्टाच आवळला तर मुंग्या वाढणार.

तो रोज रात्री, निदान सहा आठवडे. पहिल्या दोन-तीन रात्री झोपेत काढून टाकाल, चालायचंच, पुन्हा बांधा. दिवसा सतत घालायची गरज नाही, हात उगाच आखडतो.

दिवसा मनगट किती वाकतं ते एकदा स्वतःच बघा. कणीक मळताना तळव्याच्या मुळाने रेटण्याऐवजी ओटा थोडा खाली पडेल असं उभं राहून खांद्यातून जोर द्या. ओले कपडे पिळणं काही दिवस मशीनवर किंवा घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा. दुचाकीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर मनगट खाली लोंबत ठेवू नका. पलंगावर आडवं होऊन मोबाइल धरायची सवय या नसेची वैरीण आहे. ड्रिल, ग्राइंडर, खडी फोडायचं यंत्र अशी हादरणारी हत्यारं रोज हातात असतील तर त्या कामात खंड पाडल्याशिवाय कुणाचाही उपचार टिकणार नाही. कीबोर्डचं नाव जितकं घेतलं जातं तितका त्याचा दोष सिद्ध झालेला नाही, तरी मनगट टेबलाच्या धारेवर दाबून टाइप करू नका.

कंडरांचा व्यायाम सोपा आहे. बोटं सरळ, मग फक्त वरचे सांधे वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. सावकाश दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मुंग्या वाढल्या तर थांबा. जोर लावून नस ताणण्याचे व्हिडिओवरचे व्यायाम शिकवणाऱ्याशिवाय करू नका.

पट्ट्याने आराम पडला नाही तर डॉक्टर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी इंजेक्शन पट्ट्यापेक्षा सरस होतं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखे. म्हणजे आराम लवकर मिळतो, पण तो टिकेल याची हमी नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, तयारी ठेवा. बी-६ च्या गोळ्या मनाने घेऊ नका. या दुखण्यात त्यांचा फायदा सिद्ध नाही आणि जास्त मात्रेत त्याच नसा बिघडवतात.

थांबायचं कधी

सौम्य दुखण्याला सहा आठवडे देता येतात, फार तर तीन महिने. पण काही खुणा दिसल्या तर एक दिवसही हातांच्या उपचारात घालवू नये. मुंग्या येऊन-जाऊन नसून बोटं चोवीस तास बधिर आहेत, सुईत दोरा ओवताना सुई धरल्याचं कळत नाही, शर्टाची गुंडी लागत नाही, भांडी हातातून सुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा गुबगुबीत उंचवटा. दोन्ही तळहात खिडकीच्या उजेडात शेजारी धरा. एका हाताचा उंचवटा बसलेला, कडेचं हाड वर आल्यासारखं दिसत असेल तर नसेने स्नायूला पोसणं बंद केलंय. हा स्नायू एकदा पार वाळला की ऑपरेशननंतरही पुरता भरून येईलच असं नाही. इथे नुकसान उपचाराने नाही, थांबण्याने होतं. पडून मनगट मोडलं आणि काही तासांत बोटं बधिर होत गेली तर ती तातडीची वेळ आहे, थेट दवाखाना.

बरेच जण ऑपरेशनला घाबरून सिटिंग्ज वाढवत राहतात. ते ऑपरेशन बहुतेकदा हात बधिर करून, अर्ध्या तासाच्या आत होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. सर्जन तो आडवा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करतो. तळहात काही आठवडे दुखतो, पकडीला जोर यायला वेळ लागतो, पण रात्रीची जाग अनेकांची पहिल्या काही दिवसांतच थांबते.

तुम्ही कायरोप्रॅक्टरच्या पॅकेजचे पैसे भरून बसला असाल आणि अर्ध्या सिटिंग्ज उरल्या असतील, तर आज रात्री झोपण्याआधी दोन्ही तळहात उजेडात धरून बघा. उंचवटा बसलेला दिसला तर उरलेल्या पैशांवर पाणी सोडा आणि उद्याच हाताच्या सर्जनची वेळ घ्या.